मांसाविना रस्सा, दुधाविना गट्टे : जयपूरच्या ताटातील वनस्पतिजन्य पर्यायांचा अर्थ

जयपूर : लाल मासाच्या रश्शात मटणाऐवजी कच्चा फणस, गट्ट्यांच्या भाजीत दह्याऐवजी शेंगदाण्याचे वाटण, चुरम्यात तुपाऐवजी तेल. पारंपरिक पदार्थांची अशी वनस्पतिजन्य रूपे आता देशातील मोठ्या आणि पर्यटकांची वर्दळ असलेल्या शहरांत परिचित होऊ लागली आहेत. राजस्थानची राजधानी त्याला अपवाद नाही. काही ग्राहक प्राणिमात्रांविषयीच्या करुणेपोटी हे पदार्थ मागवतात, काही प्रकृतीच्या कारणाने, तर काही केवळ कुतूहलाने. ताट समोर आल्यावर मात्र सर्वांपुढे सारखेच दोन प्रश्न उभे राहतात. मूळ पदार्थाची चव यात खरोखर उतरली आहे काय? आणि उतरली असल्यास मूळ पदार्थातून शरीराला मिळणारे पोषणही यातून मिळते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय स्वयंपाकघरांनी फार पूर्वीच शोधले आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते आणि त्याची मोठी किंमत मोजावी लागू शकते, हे क्युबासारख्या दूरच्या देशाच्या इतिहासावरून दिसते.

जयपूरपुढील प्रश्न वेगळा का?

युरोप-अमेरिकेत वनस्पतिजन्य खाद्यपदार्थांची चर्चा प्रामुख्याने मांसाभोवती फिरते. गोमांसाच्या बर्गरसारखी चव वाटाण्याच्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनांतून कशी आणायची, हा तेथील मुख्य प्रश्न आहे. जयपूरमध्ये हा प्रश्न निम्माच लागू पडतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४च्या आधारभूत सर्वेक्षणानुसार राजस्थानातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७५ टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले होते. देशातील मोठ्या राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. महाराष्ट्रात याच सर्वेक्षणात ते सुमारे ४० टक्के आढळले.

महाराजा सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहरात रजपूत दरबाराची मांसाहारी पाकपरंपरा आणि वैष्णव व जैन व्यापारी कुटुंबांची काटेकोर शाकाहारी परंपरा शेजारी-शेजारी नांदत आली. एका बाजूला शिकारीच्या परंपरेशी नाते सांगणारे लाल मास, तर दुसऱ्या बाजूला कांदा, लसूण व कंदमुळेही वर्ज्य मानणारे जैन ताट. बटाट्याच्या जागी कच्चे केळे वापरण्याची जैन स्वयंपाकातील युक्ती हासुद्धा पर्यायी पदार्थाचाच एक नमुना आहे.

या दोन्ही परंपरांना जोडणारा समान धागा आहे तो दुधाचा. दाल-बाटी-चुरमा तुपाशिवाय पूर्ण मानला जात नाही. गट्ट्यांचा रस्सा दह्याचा, कढी ताकाची, मिठाई माव्याची. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात ताजा भाजीपाला कमी आणि पशुधन अधिक, अशी स्थिती शतकानुशतके होती. त्यामुळे मारवाडच्या पाककलेत दूध, दही, ताक व तूप यांना मानाचे स्थान मिळाले. साहजिकच जयपूरमध्ये वनस्पतिजन्य भोजनाची खरी कसोटी मांस वगळण्यात नसून दूध वगळण्यात आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

‘शाकाहारी’, ‘वनस्पतिजन्य’ आणि ‘व्हीगन’ हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत भेद आहे. भारतीय व्याख्येनुसार शाकाहारी अन्नात दूध व दुग्धजन्य पदार्थ चालतात. वेष्टनावरील हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका एवढेच सांगतो. मांसाहारी अन्नासाठी पूर्वी तपकिरी ठिपका वापरला जाई; आता त्याऐवजी तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह आहे. रंगांतील फरक ओळखता न येणाऱ्यांनाही चिन्ह समजावे, हा त्या बदलामागील हेतू होता.

व्हीगन अन्नासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार अशा अन्नात प्राण्यांपासून मिळवलेला कोणताही घटक नसावा. दूध, तूप व मध तर नाहीतच, शिवाय प्रक्रियेसाठी वापरलेली साहाय्यक द्रव्येही प्राणिजन्य नसावीत. या अन्नासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षर व पान असलेले हिरवे चिन्ह निश्चित करण्यात आले आहे.

‘वनस्पतिजन्य’ हा शब्द या दोहोंपेक्षा सैल आहे. सोयाबीनपासून केलेला, परंतु मलईत घोळवलेला पदार्थही या नावाखाली ग्राहकासमोर येऊ शकतो. उत्तर भारतात लोकप्रिय असलेले ‘मलाई सोया चाप’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यात मांस नसते. दूध मात्र असते. लाल मासाच्या मूळ पाककृतीतही दही घातले जाते. तेव्हा मटण काढून फणस घातला, तरी दही राहिले असल्यास तो रस्सा शाकाहारी होतो. व्हीगन होत नाही.

चक्की आणि गट्टे : राजस्थानची जुनी युक्ती

मांसासारखा चावा देणारा वनस्पतिजन्य पदार्थ ही आधुनिक प्रयोगशाळेची देणगी आहे, असा समज आहे. राजस्थानातील ‘चक्की की सब्जी’ हा समज खोटा ठरवते. गव्हाची कणीक घट्ट मळून काही काळ मुरू देतात. नंतर तो गोळा पाण्यात पुन्हा पुन्हा चोळून धुतात. प्रत्येक धुण्याबरोबर पांढरे पिष्ट पाण्यात उतरते आणि हातात चिवट, रबरासारखा लगदा उरतो. हा लगदा म्हणजे गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन. तो वाफवून वा उकडून त्याचे तुकडे करतात, तळतात आणि मसालेदार दह्याच्या रश्शात शिजवतात. तयार तुकड्याचा चावा मांसाच्या जवळ जातो. माळव्यातही हाच पदार्थ ‘चक्की की शाक’ या नावाने केला जातो. चीनमध्ये बौद्ध विहारांच्या शाकाहारी स्वयंपाकात आणि जपानमध्ये हीच क्रिया वेगळ्या नावांनी रूढ झाली. आज जगभर ‘सेतान’ या नावाने विकला जाणारा पदार्थ तत्त्वतः चक्कीहून वेगळा नाही.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया उलट बाजूने परिचित आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढला जातो. चीक म्हणजे प्रामुख्याने पिष्ट. मागे उरणारा चोथा बहुधा गुरांपुढे जातो. राजस्थानी गृहिणी पिष्ट सोडून प्रथिन ठेवते, तर महाराष्ट्रीय गृहिणी प्रथिन सोडून पिष्ट ठेवते. धान्य एकच, परंतु त्यातून काय टिकवायचे याचा निर्णय प्रत्येक प्रदेशाने आपल्या गरजेनुसार घेतला.

गट्ट्यांची रीत निराळी आहे. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ म्हणजे बेसन. त्यात ओवा, तिखट, मीठ, तेलाचे मोहन व थोडे दही घालून घट्ट मळतात. त्याच्या लांब वळकट्या उकळत्या पाण्यात शिजवून त्यांचे तुकडे रश्शात सोडतात. आत मावा, पनीर किंवा सुकामेवा भरलेले गट्टे ‘गोविंद गट्टे’ किंवा ‘शाही गट्टे’ म्हणून ओळखले जातात. ताजी भाजी उपलब्ध नसताना कोठारातील पिठातून भरीव, चावून खाण्याजोगा पदार्थ उभा करणे, हे गट्ट्यांमागील सूत्र आहे.

याच राज्यात पूर्णतः वनस्पतिजन्य असलेला आणि तरीही कोणाचे अनुकरण न करणारा पदार्थही आहे. तो म्हणजे पंचकुटा. खेजडीच्या झाडाच्या सांगरी नावाच्या शेंगा, केर, कुमटिया, गुंदा यांसारख्या वाळवंटी वनस्पतींचे वाळवलेले भाग भिजवून तेल, तिखट व आंबटासह परततात. ही भाजी काही दिवस टिकते. जयपूरला येणाऱ्या व्हीगन पाहुण्याला मूळ राजस्थानी चव हवी असेल, तर कोणताही बदल न करता वाढता येईल असा हा पदार्थ होय. मात्र तो तुपात न परतता तेलात परतला असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

महाराष्ट्र, गोवा आणि बंगालचे सोयरे

अशा युक्त्या राजस्थानपुरत्या मर्यादित नाहीत. विदर्भातील सावजी खानावळींत मटणाच्या झणझणीत रश्शाशेजारी शाकाहाऱ्यांसाठी पाटोडीचा रस्सा असतो. मसाला तोच, मटणाच्या फोडीच्या जागी बेसनाची थापलेली वडी. खानदेशातील शेवभाजी, घरोघरची गोळ्यांची आमटी आणि डुबुकवड्या ही त्याच कुळातील भावंडे. कोकणात श्रावणात किंवा सोमवारी मासे वर्ज्य असले, की निरफणसाची किंवा सुरणाची कापे तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळली जातात. दिसायला आणि कुरकुरीतपणाला ती तळलेल्या माशाच्या तुकडीची आठवण करून देतात. गोव्यात पावसाळ्यात अळंबी आली, की कोंबडीऐवजी तिचे शाकुती केले जाते.

बंगालीत कोवळ्या फणसाला ‘गाछ पाठा’ म्हणजे झाडावरचा बोकड असे गमतीने म्हणतात. डाळीच्या वड्यांच्या रश्शाचे तेथील नाव ‘धोकार डालना’ असे असून, त्यातील ‘धोका’ या शब्दाचा एक अर्थ फसवणूक असाही होतो. अनुकरण लपवण्याचा प्रयत्न येथे दिसत नाही. खाणाऱ्याला ती फसवणूक ठाऊक असते आणि तो तिचा आनंद घेतो.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बहुतेक ठिकाणी हे पर्याय उपवासाचा वार, श्रावण, वैधव्याची बंधने, दुष्काळ किंवा तुटपुंजी मिळकत अशा कारणांनी जन्मले. निवड क्वचितच मोकळी होती. आजचा ग्राहक ते स्वेच्छेने मागतो, हा काळाचा मोठा फरक आहे.

चव नेमकी कोठे असते?

मटणाच्या रश्शातील मटण काढले, तर चवीतील किती भाग निघून जातो? रश्शाची चव चार गोष्टींतून घडते. पहिली, मसाला. लाल मासाला त्याचा रंग व ओळख जोधपूरजवळील मथानिया गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मिरचीमुळे मिळते. ती मटणाच्या ठिकाणी फणस घातला तरी कायम राहते. दुसरी, स्निग्धता. मिरचीचा लाल रंग आणि मसाल्यातील बहुतेक सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलातुपात अधिक विरघळतात. मांसातील चरबी जे काम करते, ते पुरेशा तेलाने बऱ्याच अंशी साधते. तिसरी, भाजण्याचा खमंगपणा. प्रथिने व शर्करा उच्च तापमानात एकत्र आल्या, की तपकिरी रंग आणि भाजका स्वाद निर्माण होतो. कांदा, सुके खोबरे किंवा तीळ नीट भाजल्यास हा स्वाद मांसाशिवायही मिळतो. चौथी, धुराचा वास. पेटत्या कोळशावर तूप व लवंग टाकून भांड्यावर झाकण ठेवण्याची ‘धुंगार’ देण्याची पद्धत राजस्थानात प्रसिद्ध आहे. तुपाच्या जागी तेल वापरले तरी धुराचा परिणाम साधतो; तुपाचा स्वतःचा दरवळ मात्र त्यात नसतो.

उरतो तो चावा. येथे कच्चा फणस उपयोगी पडतो. कोवळ्या फळाच्या गराचे धागे शिजल्यावर सुटे होतात आणि रस्सा शोषून घेतात. फळ पिकू लागले की साखर वाढते आणि हा गुण नाहीसा होतो. त्यामुळे योग्य अवस्थेतील फणस मिळणे महत्त्वाचे. जयपूरचे कोरडे हवामान फणसाला मानवत नाही. तो परप्रांतातून आणावा लागतो. सोयावड्यांचा मार्ग वेगळा. तेल काढून उरलेले सोयाबीनचे पीठ उष्णता व दाबाखाली यंत्राच्या छिद्रांतून बाहेर ढकलले, की त्यातील प्रथिनांची सच्छिद्र, धागेदार रचना तयार होते. हे तंत्र अमेरिकेत १९६०च्या दशकात विकसित झाले आणि पुढे भारतीय घरांत सोयावडीच्या रूपाने पोहोचले.

दह्याला पर्याय देणे त्याहून अवघड आहे. दही रश्शाला आंबटपणा, दाटपणा आणि मऊपणा हे तिन्ही गुण एकाच वेळी देते. कोणतीही एक वनस्पतिजन्य वस्तू हे तिन्ही एकटीने देत नाही. आंबटपणासाठी आमचूर, चिंच किंवा टोमॅटो, दाटपणासाठी बेसन, मऊपणासाठी शेंगदाणे किंवा काजूचे वाटण अशी विभागणी करावी लागते. शेंगदाण्याचे कूट घालून रस्सा दाट करण्याची सवय असलेल्या मराठी स्वयंपाकघराला ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. अशा गट्ट्यांची चव मूळ दह्यातल्या गट्ट्यांहून थोडी वेगळी लागते. ती वाईट असेलच असे नाही. परंतु ती तीच आहे, असा दावा करणे योग्य ठरणार नाही.

क्युबाचा धडा

पारंपरिक पदार्थातून मांस वजा करण्याचा प्रयोग एका संपूर्ण देशावर लादला गेल्याचे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील क्युबात सापडते. तेथील घरगुती जेवणातील लाडका पदार्थ म्हणजे ‘रोपा व्हिएखा’. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘जुने कपडे’. गोमांस शिजवून त्याचे धागे सुटे करतात आणि कांदा, लसूण, ढोबळी मिरची व टोमॅटोच्या रश्शात घालतात. ते चिंध्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. दुसरा घरगुती पदार्थ म्हणजे ‘पिकादियो’. मराठी वाचकाने तो खिम्याचा भाऊ समजावा. जोडीला काळ्या घेवड्यासह शिजवलेला भात, कच्च्या केळ्यांचे तळलेले काप आणि उकडलेला कसावा. म्हणजे ताटाचा मोठा भाग मुळातच वनस्पतिजन्य.

क्युबात १९६२ पासून शिधापत्रिकेद्वारे अन्नवाटप होत आले आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथून येणारे इंधन, धान्य व अन्य मदत आटली आणि ‘विशेष काळ’ म्हणून ओळखले जाणारे टंचाईचे पर्व सुरू झाले. मांस दुर्मीळ झाले. पिकादियोत सोयाबीन मिसळले जाऊ लागले. पपनसाच्या जातीच्या ग्रेपफ्रूट या फळाची जाड साल मसाला लावून, तळून मांसाच्या तुकड्याऐवजी वाढली गेल्याच्या आठवणी तेथील लोक आजही सांगतात. रूप आणि मसाला जपण्याची ती धडपड होती.

परंतु रूप जपले गेले तरी पोषण जपले गेले नाही. १९९२-९३ मध्ये क्युबात दृष्टी मंदावण्याची आणि हातापायांना बधिरता येण्याची साथ पसरली. ५० हजारांहून अधिक लोक तिला बळी पडले. तंबाखूसारख्या घटकांचाही त्यात वाटा होता. तथापि आहारातील, विशेषतः ब गटातील जीवनसत्त्वांची, कमतरता हे प्रमुख कारण मानले गेले. सरकारने संपूर्ण लोकसंख्येला या जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्यानंतर साथ ओसरली.

आज अमेरिकेतील क्युबन उपाहारगृहांत फणसाचा रोपा व्हिएखा आवडीने मागवला जातो. धागेदार गोमांसाच्या जागी धागेदार फणस ही जोडी चपखल बसते. मात्र टंचाईतील सालीचा तुकडा आणि आवडीने मागवलेला फणस यांच्यातील अंतर ग्राहकाच्या उरलेल्या आहारावर अवलंबून असते. दिवसाच्या इतर जेवणांत पोषण पुरेसे असेल, तर एका पदार्थाने बिघडत नाही. तसे नसेल, तर चवीने फसलेली जीभ शरीराला वाचवू शकत नाही.

ताटातील प्रथिनांचा हिशेब

हा हिशेब जयपूरच्या ताटाला लावून पाहता येतो. शंभर ग्रॅम मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कच्च्या फणसात ती अवघी दोन ते तीन ग्रॅम असतात. फणस तंतुमय व पचनाला उपकारक आहे. पण प्रथिनांच्या दृष्टीने तो मटणाची जागा घेत नाही. कोरड्या सोयावडीत प्रथिनांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असते, बेसनात २० टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणून पोषणाच्या निकषावर मटणाला अधिक योग्य पर्याय फणसापेक्षा सोयावडी किंवा गट्टे हा ठरतो.

चक्कीत प्रथिने भरपूर असली तरी गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ते हरभऱ्यासारख्या कडधान्यांत मुबलक असते. गव्हाची बाटी आणि डाळ, बाजरीची भाकरी आणि गट्टे या जोड्या केवळ सवयीने टिकलेल्या नाहीत. त्या एकमेकींची उणीव भरून काढतात. दुसरी बाब ग्लुटेनची. ग्लुटेन न पचणाऱ्या सिलिअ‍ॅक रुग्णांसाठी चक्की हा पदार्थ पूर्णतः निषिद्ध आहे. सोया चापमध्येही बहुधा मैदा असतो. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात हा विकार तुलनेने अधिक आढळतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा. मज्जासंस्था व रक्तनिर्मितीसाठी ते आवश्यक असून, नैसर्गिकरीत्या ते प्राणिजन्य अन्नातूनच भरवशाने मिळते. मांस न खाणाऱ्या भारतीयाला ते मिळते ते मुख्यत्वे दूध-दह्यातून. दूध वगळणाऱ्याने ब-१२ मिसळलेले पदार्थ किंवा वैद्यकीय सल्ल्याने पूरक गोळ्या घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. शेंगदाण्याच्या वाटणाने गट्ट्यांचा रस्सा दाट होईल. दह्यातील ब-१२ मात्र त्यातून मिळणार नाही.

बाजारपेठ, शेतकरी आणि पशुपालक

वनस्पतिजन्य मांसपर्यायांचा संघटित उद्योग भारतात गेल्या दशकात उभा राहिला. त्यातील सुरुवातीच्या कंपन्यांपैकी गुडडॉट ही कंपनी राजस्थानातील उदयपूरची. तिची स्थापना २०१६ची. अभिनेते रितेश व जिनिलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ हा उपक्रम बाजारात आणला. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात विकास प्राधिकरणाच्या साहाय्याने गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून अशा पदार्थांची पहिली खेप अमेरिकेतील कॅलिफोर्नियाला रवाना झाली.

या उद्योगाच्या यशापयशाशी महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचाही संबंध आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान ही देशातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्ये. विदर्भ-मराठवाड्यात हे खरिपाचे मुख्य नगदी पीक आहे. केंद्राने २०२५-२६ साठी त्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलमागे ५,३२८ रुपये जाहीर केली. बाजारभाव आधारभूत किमतीखाली जाण्याचा अनुभव मात्र शेतकऱ्यांना अलीकडच्या हंगामांत वारंवार आला. तेल काढल्यानंतर उरणाऱ्या सोयापेंडीचा मोठा भाग पशुखाद्यात जातो. त्यातील अधिक वाटा मानवी अन्नाकडे वळला, तर मूल्यवृद्धीला वाव आहे. कोकणातील फणसाबाबतही तसेच म्हणता येईल. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ घोषित करून प्रक्रियेला चालना दिली. कोकणात मात्र हंगामात बरेच फळ झाडाखालीच सडते. कोवळ्या फणसाला शहरांतील उपाहारगृहांकडून स्थिर मागणी आली, तर हे नुकसान काही अंशी कमी होईल.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. राजस्थान हे उत्तर प्रदेशाबरोबर दूध उत्पादनातील अग्रगण्य राज्य आहे. पाऊस दगा देतो तेव्हा वाळवंटी भागातील कुटुंबाला शेळी, गाय, म्हैसच सावरते. त्यामुळे दूध वगळण्याचा विचार येथे केवळ आहाराचा प्रश्न राहत नाही. तो उपजीविकेलाही स्पर्श करतो.

मागवण्यापूर्वी काय विचारावे?

वेष्टनबंद अन्नावरील चिन्हे ग्राहकाला पुरेशी माहिती देतात. शिजवून वाढलेल्या ताटावर मात्र चिन्ह नसते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर ऊष्मांक नमूद करणे तसेच अ‍ॅलर्जीकारक घटक व शाकाहारी-मांसाहारी चिन्हाची माहिती देणे बंधनकारक आहे. लहान खानावळीत ग्राहकाने स्वतः विचारणे हाच मार्ग उरतो.

व्हीगन आहार पाळणाऱ्याने तीन गोष्टींची खात्री करावी. फोडणी तुपाची आहे की तेलाची, गट्टे किंवा फणस मुरवताना दही वापरले आहे काय, आणि भाकरी-बाटीवर वाढताना तूप सोडले जाते काय. राजस्थानी आतिथ्यात तूप न विचारता वाढले जाते. म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत आधी विचारलेला बरा. गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ‘चाप’ आणि ‘चक्की’ यांतील घटक विचारावेत. हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हेही त्याने ध्यानात ठेवावे. मांसाला पर्याय म्हणून प्रथिने हवी असणाऱ्याने फणसाच्या जोडीला डाळ, गट्टे किंवा सोयाबीनचा एखादा पदार्थ मागवावा.

नावांबाबतही स्पष्टता हवी. सोया किंवा बदामाच्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकण्यास प्राधिकरणाने २०२१ मध्ये हरकत घेतली. नारळाचे दूध यासारख्या रूढ नावांना त्यातून सूट आहे. उपाहारगृहांनी हाच प्रामाणिकपणा मेन्यूकार्डावर पाळला, तर ग्राहकाचा विश्वास वाढेल. ‘फणसाचा लाल रस्सा’ हे नाव पदार्थाचे स्वरूप सांगते आणि त्याचा आब राखते. चक्की, पाटोडी किंवा निरफणसाची कापे यांनी आपल्या नावात कधी मांसाचा किंवा माशाचा आधार घेतला नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती आवडीने खाल्ली गेली. नव्या वनस्पतिजन्य पदार्थांना टिकायचे असेल, तर त्यांनाही स्वतःच्या चवीवर आणि त्यातून मिळणाऱ्या पोषणावरच उभे राहावे लागेल.